आधी नाव सांगावे

भिलाईत राहणाऱ्या माणसाला विमान हे नेहमीच दुसऱ्याच्या गावचे वाहन वाटत आले आहे. गावाच्या उत्तरेस, नंदिनीच्या चुनखडीच्या खाणींपाशी, पोलाद कारखान्याची स्वतःची एक धावपट्टी आहे खरी. परंतु तिकीट काढून रोज बसता यावे असे विमान तेथे येत नाही. त्यासाठी रायपूर ओलांडून माना येथे जावे लागते. २०१२ साली त्या विमानतळाला स्वामी विवेकानंदांचे नाव मिळाले, तरी आमच्या तोंडात अजून मानाच आहे. मुंबईहून आणि नागपूरकडून मानाला जाणारी विमाने भिलाईच्या आसमंतात येईपर्यंत बरीच खाली उतरलेली असतात. रात्री गच्चीवर उभे राहिले की त्यांचे तांबडे-हिरवे दिवे दिसतात, मागाहून घरघर ऐकू येते, आणि मग पुन्हा सारे शांत.

दिसते ते एवढेच. न दिसणारे मात्र पुष्कळ असते. त्या दिव्यांमागे दोन माणसे बसलेली असतात आणि जमिनीवरचे तिसरे एक माणूस त्यांच्याशी बोलत असते. शिवाय कोणीही काही विचारले नसतानाही मैदानातली काही यंत्रे आपले नाव अहोरात्र उच्चारीत असतात. या न दिसणाऱ्या भागाची ओळख मला पुस्तकांतून झाली नाही. माझे थोरले बंधू, आम्ही त्यांना दादा म्हणतो, १९६० साली नागरी विमानवाहतूक खात्यात संदेशवहनाच्या कामावर लागले आणि नोकरीचा मोठा काळ त्यांनी नागपूरच्या सोनेगाव विमानतळावर काढला. मी १९६७ साली येथील पोलाद कारखान्यात आलो. त्यांच्या कानांवर आकाश होते, माझ्या डोळ्यांसमोर भट्टी होती, आणि सुट्टीत भेटलो की आमचे बोलणे फिरून फिरून एकाच ठिकाणी येई: समोरचा माणूस खरोखर कोण आहे आणि आपण बोललो ते त्याला पोचले काय, हे कसे ओळखावे?

जे. आर. डी. टाटांनी १५ ऑक्टोबर १९३२ रोजी कराचीहून टपाल घेऊन मुंबईच्या जुहूपर्यंत जे उड्डाण केले, त्या वेळी त्यांच्या पुस मॉथ विमानात बिनतारी यंत्र नव्हते. समुद्रकिनारा, नद्या, रेल्वेचे रूळ आणि होकायंत्र एवढाच काय तो आधार. असे उडणे शौर्याचे असेल, परंतु ते दिवसाचे आणि उघाडीचे उडणे होते. रात्रीच्या अंधारात अथवा श्रावणातल्या ढगांत डोळे निरुपयोगी ठरतात. तेथे कानांचे राज्य सुरू होते.

कानांच्या या राज्याचे आमच्याकडचे एक मोठे ठाणे म्हणजे नागपूर. आजच्या तरुण वाचकांस सांगितले तर खोटे वाटेल, परंतु जानेवारी १९४९ पासून १९७३ पर्यंत रोज रात्री मुंबई, कलकत्ता, दिल्ली आणि मद्रास अशा चारही दिशांची टपाल-विमाने मध्यरात्रीच्या सुमारास सोनेगावास येऊन टेकत. रफी अहमद किडवई दळणवळणमंत्री असताना ही योजना निघाली. चारही विमानांतल्या पिशव्या तेथे उतरत, त्यांची अदलाबदल होई, आणि पहाटेच्या आत प्रत्येक विमान इतर तीन शहरांची पत्रे घेऊन आपल्या गावी परतत असे. झोप मोडण्याची तयारी असलेले काही उतारूही त्यांतून स्वस्तात प्रवास करीत. नकाशावर कलकत्ता आणि नागपूर यांच्यामध्ये पट्टी ठेवून रेघ ओढली, तर ती भिलाईच्या किंचित उत्तरेकडून जाते. म्हणजे कारखान्याची पहिली झोतभट्टी ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते सुरू झाली, त्यानंतरची चौदा-पंधरा वर्षे ही टपाल-विमाने आमच्या उशापायथ्यावरून जात होती.

त्या काळचे भिलाई रात्री कसे दिसे, हे येथील जुन्या मंडळींना आठवत असेल. भट्टीतून काढलेला तप्त स्लॅग गाडग्यांतून नेऊन उतारावर ओतीत, आणि त्या क्षणी अर्धे आकाश भगवे होऊन जाई. सेक्टरांतल्या अंगणात त्या उजेडात वर्तमानपत्राचे मथळे वाचता येत, असे आम्ही पाहुण्यांना अभिमानाने सांगत असू. कलकत्त्याकडून येणारे वैमानिक दादांना म्हणत की, आमची सुई नागपूरवर स्थिर व्हायच्या आधीच तुमच्या भावाचा कारखाना दिसतो. आमचा खरा दीपस्तंभ तोच. मला हे ऐकून धन्यता वाटे. दादांना ती मुळीच मान्य नव्हती.

"तुझा स्लॅग आपले नाव सांगतो का?" त्यांनी मला विचारले.

त्यांचे म्हणणे असे. चैत्राच्या सुमारास, मोहाची फुले वेचणे सोपे जावे म्हणून, छत्तीसगडातले लोक झाडांखालचा पाचोळा पेटवतात. कधी कधी ती आग डोंगर चढून जाते. वरून पाहणाऱ्याला ती लाली आणि ही लाली यांत फरक कसा कळावा? दिसलेल्या उजेडाला आपल्याला हवे असलेले गाव समजणे, हीच वाट चुकण्याची पहिली पायरी. बिनतारी मार्गदर्शकाचे तसे नसते. तो सारखा दिशा देत असतो आणि त्याबरोबर ठरावीक वेळाने आपली दोन किंवा तीन अक्षरे मोर्सच्या कट्ट-कडकट्टीत उच्चारीत असतो. सुई कोणत्याही कारणाने हलू शकते. म्हणून वैमानिकाने आधी कानाने नाव ऐकावे आणि मगच डोळ्यांनी सुईकडे पाहावे, असा दंडक आहे.

या दंडकाची दुसरी बाजू मला त्याहून सुंदर वाटते. एखादा मार्गदर्शक दुरुस्तीसाठी काढला, त्याच्या जोडण्या तपासावयाच्या असल्या, की त्याचे प्रसारण चालू ठेवले तरी नाव बंद करतात. लहरी येतात, सुई डौलाने एखादी दिशाही दाखवते, परंतु कानांत अक्षरे येत नाहीत. याचा अर्थ असा की, मी आहे, पण सध्या माझ्यावर विसंबू नका. स्वतःच्या अविश्वसनीयतेची अशी प्रामाणिक घोषणा माणसांच्या व्यवहारात मला फारशी आढळली नाही.

जुन्या मार्गदर्शकांत एक मोठे वैगुण्य होते. विमानातली सुई ज्या लहरींवर चाले, त्याच लहरी वीजही पसरवते. त्यामुळे वादळात सुई विमानतळ सोडून विजेकडे वळे. जेथे जाऊ नये नेमके तेथेच बोट दाखवी. दादा एका ऑगस्टमधली रात्र सांगत असत. कलकत्त्याचे विमान गोंदियाच्या आसपास ढगांत सापडले होते आणि त्याच्या सुईने ताल सोडला होता. अशा वेळी उलटा उपाय करतात. विमानाने नुसते बोलत राहावे. जमिनीवरचे यंत्र तो आवाज कोणत्या दिशेने येतो ते ओळखते आणि नाक कोणत्या अंशावर धरले म्हणजे नागपूर गाठेल, ते वैमानिकास कळवले जाते. बोलण्यासारखे काही नसते, म्हणून वैमानिक एक ते दहा आकडे म्हणतो आणि पुन्हा उलटे दहा ते एक. त्या रात्री कडकडाटातून ते आकडे तुटक तुटक येत होते. दादांनी उत्तर दिले: "टू सिक्स झीरो." वरून परत आले: "टू टू झीरो." मधला 'सिक्स' विजेने खाल्ला होता. दोनशे साठ अंश म्हणजे नागपूर. दोनशे वीस म्हणजे नैऋत्येकडचे अरण्य. दादांनी पुन्हा सांगितले. या खेपेस नुसती खरखर आली. तिसऱ्यांदा त्यांनी प्रत्येक आकडा सुटा करून, मध्ये श्वासभर थांबून म्हटला, आणि तो तसाच सुटा होऊन वरून परत आला.

यात धाडस काहीच नव्हते, असे दादा स्वतः म्हणत. पिशव्या उतरल्या, वैमानिकाने चहा घेतला, तो खोलीसमोरून गेलाही. पण ज्या आवाजाने आपल्याला आणले तो कोणाचा, हे त्याला ठाऊक नव्हते आणि दादांनीही सांगितले नाही. मला मात्र त्या तिसऱ्या खेपेचे महत्त्व वाटते. आपण सांगितले म्हणजे आपले काम झाले, अशी आपली सर्वांची समजूत असते. या खात्यात बोललेला शब्द समोरच्याच्या तोंडून जसाच्या तसा परत येईपर्यंत पुरता झालेला नसतो. परत आलेला शब्द चुकला आणि ऐकणाऱ्याने तो तसाच जाऊ दिला, तर दोष दोघांचा.

आमच्या कारखान्यातही रीत निराळी नव्हती. तेथे रशियन तज्ज्ञांनी आणलेले शब्द, हिंदी, छत्तीसगढी, तेलुगू, मल्याळम, बंगाली आणि आमची मराठी यांची अशी सरमिसळ असे, आणि यंत्रांचा आवाज एवढा, की भाषा असून नसल्यासारखी. वितळलेल्या लोखंडाची बादली उचलावयाची तर खालचा माणूस हाताने खूण करी आणि क्रेनवाला घंटा वाजवून ती मिळाल्याचे कळवी. घंटेआधी कोणी पाऊल उचलीत नसे.

आकाशात भाषांची अडचण आणखी मोठी. म्हणूनच १९५६ साली साऱ्या जगातल्या विमानवाहतुकीने अक्षरांसाठी एकच शब्दमाला स्वीकारली: अल्फा, ब्राव्हो, चार्ली आणि पुढे. बी, डी, पी ही अक्षरे खरखरीत एकसारखी ऐकू येतात, ब्राव्हो आणि पापा तशी येत नाहीत. आकड्यांतही 'फाइव्ह' आणि 'नाइन' यांचा घोटाळा होऊ नये म्हणून नऊला 'नाइनर' म्हणतात. इंग्रजीच्या प्राध्यापकांस हे उच्चार रुचणार नाहीत. त्यांनी विमानतळाच्या मनोऱ्यात एक रात्र काढावी.

मागाहून आलेली साधने अधिक कुशल निघाली. व्हीओआर नावाचे यंत्र एकाच वेळी दोन सूर पाठवते. एक सर्व दिशांना सारखा, दुसरा दिशेप्रमाणे मागेपुढे सरकलेला. दोहोंतल्या अंतरावरून विमान आपण त्या यंत्राच्या कोणत्या अंगाला आहोत ते ताडते. उतरण्याच्या वेळी धावपट्टीच्या टोकाकडून दोन लहरी-झोत येतात, एकात सेकंदाला नव्वद कंपनांचा सूर, दुसऱ्यात दीडशेचा. विमान डावीकडे कलले तर नव्वदचा सूर वरचढ होतो, उजवीकडे कलले तर दीडशेचा. दोघे समसमान झाले की आपण मधल्या रेषेवर आहोत. उंचीची उतरणही अशाच दोन सुरांच्या तोलाने कळते आणि ती सामान्यतः तीन अंशांची असते. ढगांत काहीच दिसत नसताना शेदीडशे माणसे या समतोलावर बसून खाली येतात.

परंतु माझे मन बसले आहे ते अंतर सांगणाऱ्या यंत्रावर. डीएमई म्हणतात त्याला. ते विचारल्याशिवाय फारसे बोलत नाही. विमान प्रश्न म्हणून ठोक्यांची जोडी पाठवते, जमिनीवरचे यंत्र नेमके पन्नास मायक्रोसेकंद थांबून उत्तर देते, आणि गेल्या-आल्या वेळेवरून अंतर निघते. एका सागरी मैलाच्या जाण्यायेण्याला सव्वाबारा मायक्रोसेकंदांहून थोडा अधिक वेळ लागतो. आता गंमत अशी की, त्याच वेळी इतर अनेक विमानेही त्याच यंत्राला प्रश्न विचारीत असतात आणि सर्वांची उत्तरे एकाच आवाजात येतात. मग आपले उत्तर कोणते? त्यासाठी प्रत्येक विमान आपल्या प्रश्नांमधले अंतर मुद्दाम अनियमित ठेवते. जी उत्तरे त्या अनियमिततेशी जुळून येतात ती आपली, बाकीची परक्यांची. गर्दीत आपल्या माणसाचे पाऊल ओळखावे तसे हे आहे.

हे सारे जुळले नाही म्हणजे काय होते, याची दोन उदाहरणे महाराष्ट्राच्या स्मरणात राहावयास हवीत. ७ जुलै १९६२ च्या रात्री बँकॉकहून मुंबईस येणारे आलितालिया कंपनीचे डीसी-८ विमान जुन्नरजवळच्या डोंगरावर आदळले आणि त्यातली ९४ माणसे दगावली. यंत्रे धडधाकट होती की नव्हती यापेक्षा महत्त्वाचे हे की, आपण मुंबईच्या जितके जवळ आहोत असे वैमानिकांस वाटत होते तितके ते नव्हते, आणि म्हणून ते फार लवकर खाली उतरू लागले. खाली सह्याद्री होता. दुसरे उदाहरण २४ जानेवारी १९६६ चे. एअर इंडियाचे 'कांचनजंगा' विमान जिनिव्हाकडे उतरत होते. त्यातला एक व्हीओआर-ग्राहक बिघडलेला होता. माँ ब्लाँचे शिखर मागे पडले अशी वैमानिकाची समजूत होती. रडारवरून पाहणाऱ्या नियंत्रकाने त्याला त्याची जागा सांगितली, परंतु ज्या शब्दांत सांगितली त्यांतून खरा अर्थ पोचला नाही. वैमानिकाने होकार दिला आणि तो उतरत राहिला. ११७ माणसे गेली. त्यांत होमी भाभा होते. विमानातला आणि जमिनीवरचा, दोघेही जाणते होते आणि दोघेही एकाच शिखराविषयी बोलत होते. दादा त्या दिवसांत कामावर होते. ते एवढेच म्हणाले, की 'ठीक आहे' हे उत्तर नव्हे. काय ठीक आहे ते म्हणून दाखवावे.

असो. आता काळ उपग्रहांचा आहे. आपल्या अवकाश संशोधन संस्थेने आणि विमानतळ प्राधिकरणाने मिळून 'गगन' ही व्यवस्था उभी केली. उपग्रहांवरून मिळणाऱ्या ठिकाणातली चूक ती दुरुस्त करते आणि एखादा उपग्रह बिघडला तर काही सेकंदांत विमानाला सावध करते. एप्रिल २०२२ मध्ये राजस्थानातील किशनगड येथे इंडिगोचे एक एटीआर विमान तिच्या आधाराने उतरवून पाहण्यात आले. ज्या लहान विमानतळांवर झोत पाठवणारी महागडी यंत्रे बसवणे परवडत नाही, त्यांचा यात मोठा लाभ आहे. बस्तरातले जगदलपूर १४ जून २०१८ रोजी विमानाने रायपूरशी जोडले गेले, तेव्हापासून आमच्या राज्यातही अशा विमानतळांचा विचार करावा लागतो.

मी ही हकीकत दादांना मोठ्या उत्साहाने सांगितली, तेव्हा त्यांचा प्रश्न तयार होता: उपग्रह आपले नाव सांगतो का? सांगतो, मी म्हणालो. प्रत्येकाची स्वतःची संकेतमाला असते. "ती कोणाला ठाऊक असते?" सर्वांना. "म्हणजे ते नाव कोणीही सांगू शकतो."

म्हातारा बरोबर होता. मार्च २०२५ मध्ये सरकारने संसदेत सांगितले की, नोव्हेंबर २०२३ ते फेब्रुवारी २०२५ या काळात सीमेलगत, मुख्यतः अमृतसर आणि जम्मूच्या भागात, विमानांच्या उपग्रह-मार्गदर्शनात ढवळाढवळ झाल्याचे ४६५ प्रकार नोंदले गेले. लहरी नुसत्या दाबून टाकणे हा यातला सौम्य प्रकार. दुसरा प्रकार भयंकर असतो: उपग्रहाचे नाव घेऊन खोटे ठिकाण सांगणे. हेही नवीन नाही. दुसऱ्या महायुद्धात इंग्रजांनी जर्मन मार्गदर्शकांचे प्रसारण टिपून ते दुसऱ्याच ठिकाणाहून पुन्हा सोडले होते आणि शत्रूच्या विमानांची वाट चुकवली होती. नाव जुळते, सूर जुळतो, आणि तरी बोलणारा दुसराच असतो. त्यावर उपाय एकच: एका मार्गदर्शकाने जे सांगितले ते दुसऱ्याला, जो वेगळ्या जागी उभा आहे आणि वेगळ्या रीतीने बोलतो त्याला, विचारून पाहणे. त्यामुळे मैदानातली ती जुनी, आपली दोन-तीन अक्षरे घोकणारी यंत्रे सगळीच्या सगळी मोडीत काढू नयेत, या मताचे लोक आता पुन्हा वाढले आहेत.

दादा आज सत्त्याऐंशी वर्षांचे आहेत. ज्या कानांनी विजांच्या कडकडाटातून एकेक आकडा वेचला, त्या कानांना आता यंत्र लागते. ते आणि वहिनी नागपुरास दोघेच राहतात. नातू पुण्याला शिकतो. गेल्या हिवाळ्यात एका रात्री त्यांच्या फोनवर नातवाचा रडवेला आवाज आला. अपघात झाला आहे, समोरचा माणूस गंभीर आहे, पोलीस बाजूला उभे आहेत, ताबडतोब पैसे पाठवा, आईबाबांना सांगू नका. पाठोपाठ दुसरा एक दरडावणारा आवाज आला. वहिनी घाबरून खाली बसल्या आणि पैसे पाठवून टाका म्हणू लागल्या. दादांनी त्या दरडावणाऱ्या आवाजाला नाव आणि ठाणे विचारले, ते मिळाले. ते त्यांनी कागदावर लिहून घेतले, मोठ्याने परत म्हटले, आणि "थांबा, मी उलट विचारतो" असे म्हणून फोन ठेवला. मग नातवाच्या नेहमीच्या क्रमांकावर स्वतः फोन लावला. पहिल्यांदा कोणी उचलला नाही. दुसऱ्यांदाही नाही. वहिनींचे म्हणणे, झाले, आता खरेच समजा. तिसऱ्यांदा वसतिगृहातून झोपाळलेला आवाज आला, "आजोबा, काय झालं?"

त्याचा तो आवाज पहिल्या आवाजासारखाच होता, असे दादा म्हणतात. म्हणून त्यांनी त्याला लहानपणीच्या कुत्र्याचे नाव विचारले.

त्यानंतर, अकरा वाजून गेल्यावर, त्यांनी मला भिलाईला फोन केला. आवाजात कापरे होते. ते त्यांनी झाकले नाही. पोलिसांच्या १९३० या क्रमांकावर तक्रार कर, तुझ्याकडे हे लवकर होईल, असे सांगून ज्या क्रमांकावरून तो फोन आला होता त्याचे दहाही आकडे, एकेक सुटा करून, मला सांगितले आणि ते थांबले. मी ते दहा आकडे परत म्हणून दाखवले.

"बरोबर," दादा म्हणाले, आणि त्यांनी फोन ठेवला.